जुनी स्कूटर घेतलीत? रंगाचा डबा शेवटी उघडा

पहिली जुनी स्कूटर घरी आली त्याच पंधरवड्यात मी ती रंगवून घेतली. रंग झकास बसला. तीन महिन्यांनी मेन स्टँडवर चढवताना खालून कर्र असा आवाज आला आणि स्टँडचा बोल्ट आजूबाजूच्या पत्र्यासकट निखळला. वेल्डिंगची आच लागताच वीतभर रंग फुगून सुटला. मग पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. पुढे दिलेला क्रम मला त्या फजितीनं शिकवला: स्कूटर आधी नीट थांबली पाहिजे, मग नीट चालली पाहिजे, आणि छान दिसायचं त्यानंतर.

हे सगळं मुख्यतः हातगिअरच्या, पत्र्याच्या, टू-स्ट्रोक स्कूटरबद्दल आहे, म्हणजे वेस्पा आणि तिच्यावर बेतलेल्या चेतकसारख्या गाड्या. बिनगिअरची जुनी स्कूटर असेल तर ब्रेक, टायर, वायरिंग आणि गंज हे भाग तुम्हालाही तसेच लागू. तुमचं जास्तीचं काम म्हणजे बेल्टला तडे गेलेत का, तो झिजून अरुंद झालाय का आणि व्हेरिएटरचे (गिअरऐवजी वेग जुळवणाऱ्या कप्पीचे) रोलर एका बाजूनं चपटे झालेत का, हे बघणं. इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल आणि व्हॉल्व्हची फट हेही त्यात आलं.

पहिली पायरी: चुंबक, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ

वेस्पा १९४६ साली आली. तिचा आराखडा करणारा कोर्रादिनो दास्कानियो मूळचा विमानांचा अभियंता. पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं ते विमानाच्या चाकासारखं, आणि वेगळी चौकट न ठेवता पत्र्याचं अंगच चौकटीचं काम करतं. वर्षभरानं आलेल्या लॅम्ब्रेटाला मात्र आतून नळीची चौकट आहे. लॅम्ब्रेटाचं बाजूचं पॅनल सडलं तर ते बदलता येतं. वेस्पाचा तळ सडला तर गाडीचा कणाच सडला असं समजायचं. म्हणून घेण्याआधी, आणि घेऊन झाली असेल तर आजच, गुडघ्यावर बसा.

पाय ठेवायची रबरी मॅट उचला. तिच्याखाली पाणी साचतं. मधला उंचवटा तळाला मिळतो ती रेघ, मेन स्टँडचे बोल्ट, पुढच्या ढालीची खालची कड, स्टेपनीच्या मागची जागा आणि मागच्या शॉकॲबसॉर्बरचा वरचा टेकू या सगळ्यावर चुंबक फिरवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळाखालून ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडका बद्द वाजतो. तळाचा एखादा तुकडा गेला असेल तर वेल्डिंगनं काम भागतं. पण हँडलची दांडी ज्या नळीतून जाते तिच्याभोवती सुरकुत्या किंवा तडे दिसले तर गाडीनं मोठी धडक खाल्लेली आहे. तशी गाडी नवख्यानं घेऊ नये, कितीही स्वस्त मिळो.

चौकटीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कागदपत्रांशी अक्षर-अक्षर जुळवा. 'इंजिन बदललंय, चालतं' असं कोणी म्हणालं तर ते कागदावर कुठे चाललंय ते बघायला मागा.

इंजिन बंद पडलेलं असेल तर लगेच पायानं किक हाणू नका. किक हातानं हळू दाबा. मध्ये जोर लागतो आणि सुटतो असं जाणवलं तर कॉम्प्रेशन आहे. अजिबात हलत नसेल तर प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग मॅग्नेटचा (क्रँकवर बसवलेल्या, वीज तयार करणाऱ्या चाकाचा) पंखा हातानं मागे-पुढे करून बघा. पंखा हलायला लागला की त्याची कड धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर क्रँकचं बेअरिंग गेलंय, म्हणजे आज ना उद्या इंजिन उघडणं आलं.

दुसरी पायरी: थांबणं

टायरवरची नक्षी अजून शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. टायरच्या कडेवर उत्पादनाचा चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शिक्का तीनच आकडी असेल तर टायर २००० सालाआधीचा आहे, तो चालवू नका. कडेला बारीक तडे दिसले तरी तेच. टायरबरोबर ट्यूबही बदला. साडेतीन-दहाच्या टायरमध्ये एकट्यानं फिरताना पुढे साधारण १८ आणि मागे २५ पीएसआय हवा असते, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात वाढवायची. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला घ्या.

इथे एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. या स्कूटरची रिम दोन अर्ध्या भागांची, नट-बोल्टनं जोडलेली असते. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे नट वेगळे. हवा भरलेली असताना दुसरे नट सोडलेत तर रिमचे भाग उसळून तोंडावर येऊ शकतात. म्हणून चाक गाडीवरून काढा, व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा, टायर हातानं दाबून खात्री करा, आणि मगच रिम उघडा.

ब्रेक ड्रमचे आहेत. ड्रम काढून आत बघा. शूचा लायनर काचेसारखा चकाकत असेल तर पॉलिश पेपरनं हलकं घासून चकाकी घालवा, फार झिजला असेल तर शू बदला. आतली काळी भुकटी तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं फेकून द्या. मागच्या ड्रममध्ये ऑइल दिसलं तर नुसता शू बदलून उपयोग नाही. ते ॲक्सलच्या सीलमधून येतंय, आधी सील बदला. शू उघडणाऱ्या कॅमला अगदी नखभर ग्रीस लावा.

आणि केबली! क्लच, दोन गिअरच्या, पुढचा ब्रेक, ॲक्सिलरेटर, चोक. जुन्या स्कूटरच्या निम्म्या तक्रारी या तारांत असतात. 'क्लच फार जड आहे, प्लेटा गेल्या वाटतं' म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचं काम नव्या केबलीनं भागतं. नुसती आतली तार न बदलता बाहेरचं आवरणही बदला. जुनं आवरण ओढून काढण्याआधी त्याच्या टोकाला नवं आवरण टेपनं घट्ट जोडा, म्हणजे जुनं बाहेर येता येता नवं वळणावळणातून आपोआप आत जातं. हे न करता मी एकदा केबल उपसली, आणि नवी आत सारण्यात एक अख्खा रविवार गेला. क्लचच्या लिव्हरला दोनेक मिलिमीटर मोकळीक ठेवा. गिअरच्या दोन तारा एकीची ढील दुसरीनं घ्यावी अशा ताणायच्या, म्हणजे हँडलवरचा न्यूट्रल आणि इंजिनातला न्यूट्रल जुळतात.

तिसरी पायरी: पेट्रोल

टाकीत टॉर्च मारून बघा. गंज असेल तर टाकी उतरवा, आत मूठभर नट आणि सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी घालून खळखळवा आणि रात्रभर ठेवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल आत फिरवा. उघडं, ओलसर लोखंड काही तासांत पुन्हा गंजतं. कॉकची जाळी आणि पेट्रोलची नळी नवी टाका.

कार्बोरेटर उघडलात तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांत, तार किंवा सुई खुपसू नका. ती भोकं मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजलेली असतात. देलोर्टोच्या मेन जेटवर १०० लिहिलेलं असेल तर भोक एक मिलिमीटरचं. क्लीनर आणि हवा एवढंच पुरे.

गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय लावा. फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या तरंगत्या भागाची) पेट्रोल अडवणारी सुई झिजलेली असली की पेट्रोल रात्रभर झिरपत राहतं आणि सकाळी प्लग ओला सापडतो. महिनाभर चालवणार नसाल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी भागांना फुगवतं.

काही स्कूटरी तिरक्या केल्याशिवाय चालू होत नाहीत. मालक ते कौतुकानं सांगतात. मला तरी ती गाडीची खासियत वाटत नाही, तक्रार वाटते. चोक, जेट आणि फ्लोट नीट असतील तर उभ्या स्कूटरला दोन-तीन किकांत जाग आली पाहिजे.

चौथी पायरी: ऑइल, हवा आणि प्लगचा रंग

इथे जरा थांबून वाचा, कारण टू-स्ट्रोक इंजिनं बहुतेक इथेच मरतात.

या इंजिनात पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकला मिळणारं वंगण फक्त पेट्रोलबरोबर येतं. त्यासाठी वेगळी ऑइलची टाकी नसेल तर आपणच मिसळायचं. बहुतेक इंजिनांना २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. १९५०च्या दशकातल्या वेस्पांना ५ टक्के लागायचं, म्हणून मॉडेलचं वर्ष बघा. 'थोडं जास्त घातलेलं बरं' हा समज सोडून द्या. जास्त ऑइल म्हणजे जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण उलट हडकुळं होतं. वर सायलेन्सर काजळीनं तुंबतो तो वेगळाच.

हाच नियम उतारावर जीवघेणा ठरतो. लांब घाटउतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्ये गाडी उतरवली तर इंजिन वेगानं फिरतं, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑइल नाही. मध्येमध्ये क्लच दाबून थोडी रेस द्या. चालताना इंजिन एकाएकी गुदमरल्यासारखं वाटलं, मागचं चाक अडखळलं, तर विचार न करता क्लच दाबा. पिस्टन जाम होत असताना क्लच दाबलेला असेल तर चाक लॉक होत नाही. जुन्या टू-स्ट्रोकवर डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवायची ती यासाठी.

मिश्रण बरोबर आहे का हे प्लग सांगतो. सरळ रस्त्यावर दोनेक किलोमीटर नेहमीच्या वेगानं जा, क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. टोकाचा रंग तपकिरी किंवा करडा असला तर ठीक. ओला काळा असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, चोक अर्धवट अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरा फटक असेल तर इंजिन तापतंय, तशी गाडी पुढे रेटू नका. प्लगची फट साधारण ०.६ मिमी. नवा प्लग घेताना आट्यांची लांबी जुन्याइतकीच हवी. लांब आट्यांचा प्लग पिस्टनवर आदळू शकतो.

आता जुन्या इंजिनाचा खरा आजार: क्रँकची ऑइल सील. दोन असतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ती कडक होतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या भाषेत तक्रार करतात.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की तिथून जादा हवा आत शिरते. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज वरच टांगून राहतो, हळूहळू खाली येतो. प्लग पांढरा पडायला लागतो. नवखा माणूस इथे ॲक्सिलरेटरची केबल दोषी धरतो आणि फिरत राहतो, आणि शेवटी पिस्टन जाम होतो. हवा सिलिंडरखालच्या किंवा कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधूनही येऊ शकते. त्या सांध्यांवर, इंजिन थंड असताना आणि आसपास ठिणगी नसताना, इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता) चालू ठेवून कार्बोरेटर क्लीनरचा अगदी हलका फवारा मारा. आवाज बदलला तिथे गळती.

क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढतं. मागे धुराचा लोट येतो आणि बाहेर कुठे थेंबही न गळता गिअर ऑइल कमी होत जातं. काढलेल्या गिअर ऑइलला पेट्रोलचा वास आला तरी संशय याच सीलवर.

क्लचकडचं सील बदलायला इंजिन दोन भागांत उघडावं लागतं. पहिल्या वेळी ते जाणत्या मेकॅनिककडे द्या, पण शेजारी बसून बघा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. इंजिन उघडलंच आहे तर बेअरिंगं, गिअरचा क्रॉस (गिअर पकडून ठेवणारा फुलीच्या आकाराचा भाग) आणि सगळी सील एकदमच बदलून घ्या. दुसऱ्या गिअरमधून गाडी सुटत असेल तर गुन्हेगार बहुधा तो क्रॉसच असतो.

गिअर ऑइल हे वर्षातून एकदा तरी बदलायचं, स्वस्तातलं काम आहे. वेस्पाच्या मोठ्या इंजिनांत एसएई ३० ऑइल २५० मिली बसतं. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं मोटारीचं आधुनिक ऑइल ओतू नका, प्लेटा घसरतील.

आणि सिलिंडरवरचं पत्र्याचं कव्हर लावल्याशिवाय इंजिन चालवू नका, 'फक्त टेस्टिंगपुरतं'सुद्धा नाही. पंख्याची हवा सिलिंडरच्या पंखांवरून खेळवण्याचं काम ते कव्हर करतं.

पाचवी पायरी: ठिणगी आणि दिवे

गाडी चालू होत नसेल तर सगळं एकदम उघडत सुटू नका. प्लग काढा, टोपीत बसवा, धातूचा भाग इंजिनाला टेकवून प्लगच्या भोकापासून लांब धरा, किक मारा. निळी ठिणगी हवी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर प्लग न टेकवता किक मारू नका, युनिट जळू शकतं. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा, तर पेट्रोल येत नाही. प्लग ओला, तर पेट्रोल जास्त येतंय.

पॉइंटच्या गाडीत (जिथे ठिणगी उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांनी पडते) त्या टोकांतली फट साधारण ०.४ मिमी ठेवा. इंजिन गरम झालं की बंद पडतं आणि अर्ध्या तासानं निमूट चालू होतं, असं असेल तर आधी कंडेन्सर बदला. दर चार-पाच किलोमीटरवर पेट्रोल संपल्यासारखी थांबत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि गाडी चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. या एका भोकापायी लोकांनी कार्बोरेटर बदललेत.

मॅग्नेट काढायला त्याचा पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, घ्या. हातोडी मारली तर पंखा तरी फुटतो, नाहीतर क्रँक तरी वाकतो.

सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत रेग्युलेटर नसतो. एक दिवा गेला की त्याच्या वाट्याची वीज उरलेल्यांवर येते आणि तेही उडतात. म्हणून बल्ब पुस्तिकेतल्याच वॅटचे बसवा.

सहावी पायरी: हौस

बदल करायला माझी ना नाही, फक्त दोन अटी आहेत. एका वेळी एकच बदल करायचा, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा. कार्बोरेटर, सायलेन्सर आणि इग्निशन एकाच दिवशी बदललं आणि गाडी नीट चालेना, तर दोष कुणाचा हे शोधायला तिन्ही पुन्हा काढावे लागतात.

सर्वात जास्त समाधान देणारे बदल दिसायला अगदी साधे असतात. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, १२ व्होल्टची वायरिंग, चांगले शॉकॲबसॉर्बर, ट्यूबलेस टायरची रिम. एलईडीचा दिवा लावायचा तर लक्षात ठेवा, मॅग्नेटवरचा प्रवाह एसी असतो. एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर न लावता एलईडी लुकलुकत राहील.

सायलेन्सरची आतली जाळी काढून आवाज वाढवणं हा सर्वात वाईट बदल. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्यातून परत येणारी लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण मागे ढकलते. जाळी काढली की गोंगाट वाढतो आणि ताकद बहुधा घटते. मोठ्या सिलिंडरचं किट घालायचं असेल तर जेट, टायमिंग आणि ब्रेक या तिघांचाही हिशेब करा. इंजिनाची क्षमता किंवा गाडीचा रंग बदलला तर नोंदणीत काय करावं लागतं ते आधी विचारून घ्या. नवा पिस्टन बसवल्यावर त्याच्यावरचा बाण एक्झॉस्टच्या बाजूला आहे हे डोळ्यांनी बघा, आणि पहिले ५०० किलोमीटर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळू नका.

सोबत डिकीत काय असावं: प्लग आणि त्याचा पाना, एक क्लचची आणि एक गिअरची आतली तार, तारेचा स्क्रूवाला निपल, पक्कड, इन्सुलेशन टेप, टू-टी ऑइलची छोटी बाटली. स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा बघा. गरज पडते त्या दिवशी ती नेमकी बसलेली असते.

आणि आता रंग

सहा महिने बिनतक्रार चालली? मग उघडा डबा. त्याआधी मूळ रंग कितपत शिल्लक आहे ते बघा. चांगल्या मूळ रंगाला नुसतं पॉलिश करून सोडणारे संग्राहक वेडे नसतात, एकदा घासला की तो परत येत नाही.

रंगवायचंच ठरलं तर वेल्डिंग आधी पूर्ण करून घ्या, टाकी आणि बॅटरी उतरवूनच. गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढा, इपॉक्सी प्रायमर मारा, लांबी फक्त पोचे भरायला आणि तीही कमीत कमी. चौकटीचा क्रमांक लांबीखाली बुजू देऊ नका. वायरिंगची अर्थिंगची तार जिथे गाडीच्या अंगाला जोडते तिथला रंग खरवडून काढा, नाहीतर नव्याकोऱ्या गाडीचे दिवे पेटणार नाहीत आणि तुम्ही बल्ब बदलत बसाल. तळाच्या आतल्या पोकळीत गंजरोधक मेण फवारा. ते वाळलं की खाली वाका आणि पाणी निथळायची भोकं रंगानं किंवा मेणानं बुजली नाहीत ना, ते काडी घालून एकेक करून तपासा.